निम्म्या काळ्या फरश्या

मिस्त्रींनी साधा प्रश्न विचारला होता. काळ्या फरश्या किती आणायच्या आणि पांढऱ्या किती? माझा नवरा गणिताचा मास्तर. ह्यांनी उत्तर दिलं, "ते अजून कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही."

मी कपाळावर हात मारला. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, शनिवारी त्या घरी येणार, त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतचा पॅसेज उखडून पडलेला, आणि ह्यांना फरशीतही गणित हवं! पांढरी म्हणजे एक, काळी म्हणजे दोन. लागोपाठ एका रंगाच्या किती आल्या ते मोजत गेलं, की पुन्हा तीच रांग हाती येते. रांग स्वतःचंच वर्णन करते म्हणे. आपली टिमकी आपणच वाजवायची, दुसरं काय!

"रांग वाढत गेली की काळ्यांचं प्रमाण एका आकड्यावर स्थिरावत असावं. बहुधा निम्म्यावर," हे म्हणाले. "पण बहुधाच."

"अहो, पॅसेज काय अनंत आहे? मोजा आणि सांगा!"

शेवटी निम्म्या-निम्म्या मीच मागवल्या. ह्यांनी मांडून दिलेल्या पहिल्या सहा फरश्या मिस्त्रींनी बघितल्या आणि तोच नमुना गिरवत बाथरूमपर्यंत नेला. नक्षी म्हटली की ती परत येणारच, असा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या हे वाकून मोजायला लागले, आणि मग छिन्नी शोधायला.

"अकरावी काळी हवी होती. एक चुकली की पुढचं सगळं खोटं. उखडतो."

"खबरदार! उद्या आई कशावर पाय ठेवणार? तुमच्या सिद्धतेवर?"

हे छिन्नी हातात धरूनच खाली बसले. "डॉक्टर म्हणाले, आई पुन्हा चालेल की नाही, शक्यता निम्मी-निम्मी. कशावरून गं? कुणी सिद्ध केलंय?"

मला ह्यांनी हे सांगितलंच नव्हतं. आठवडाभर फरश्यांवरून माझं डोकं उठवलं, आणि खरी गोष्ट पोटात ठेवली! संताप आला, आणि आतून गलबललंही. मी छिन्नी काढून घेतली.

शनिवारी सासूबाई वॉकर धरून पॅसेजच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. पांढरी. काळी. पुन्हा काळी. तिथे त्यांना धाप लागली. मी खुर्ची पुढे सरकवली.

"बाकीचं उद्या," त्या बसत म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "आणि तू रे, फरशीकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ."