कारंज्याखालची कुमुदिनी

मित्रांनो, घरामागच्या सिमेंटच्या तळ्यात राहणारी मी एक म्हातारी कुमुदिनी. मला विकताना माळी म्हणाला होता, "बिनधास्त न्या. ही थंडीवाऱ्याला दाद देत नाही. हिचं काही करावं लागत नाही." त्या एका बोलण्यानं माझं वाटोळं केलं.

मला आणलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घरधन्यानं. सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. त्यानं मला लहानशा कुंडीसकट थेट तळाशी सोडलं. उजेडापर्यंत पोचता पोचता माझ्या कोवळ्या पानांच्या नाकी नऊ आले. कशीबशी वर आले, तर यानं डोक्यावर कारंजं बसवलं. आम्हाला लागतं संथ पाणी, आणि इथं दिवसभर मारा. पानं कुजायची. कुंडीत मुळांना हलायला जागा नव्हती. फूल येणार कुठून? वर घड्याळजी पाहुण्यांना सांगायचा, "नावाची कुमुदिनी, नुसता पाला."

त्याची थोरली बहीण, ताई, त्याच घरात शिवणकाम करायची. तिचं मशीन तळ्याकडच्या अंधाऱ्या अडगळीच्या खोलीत ढकललेलं होतं. "ताईंना कुठंही चालतं," असं घड्याळजीची बायको, वहिनी, म्हणायची. सुईत दोरा ओवायला ताई दाराशी उजेडात येऊन बसायची, तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघायचो.

शेवटी घड्याळजीनं मला काढून टाकायचं ठरवलं. ताई पाण्यात उतरली आणि तिनं मला वर काढलं. कुंडी तडकून मुळं बाहेर आली होती.

"अरे, हिला जागाच उरली नाही," ती म्हणाली.

"टाकून दे, ताई. दुसरी आणू. चिवट जात ती, तिला काहीही चालतं."

ताई चिखलाच्या हातांनी तशीच उभी राहिली. "नाही चालत. हिलाही नाही आणि मलाही नाही. मला उजेडाची खोली हवी."

हे ऐकून वहिनी आत गेली आणि मशीन उजेडाच्या खोलीत न्यायला तिनं त्याचं एक टोक धरलं.

मग ताईनं माझा दाटलेला मुळांचा गड्डा कापून लहान केला, रुंद टोपलीत चिकणमाती भरून मला लावलं आणि तळ्यातच कारंज्यापासून लांब, विटांच्या थरावर उंच ठेवलं. काही आठवड्यांत मला फूल आलं. पण कवितेतल्या कुमुदिनीसारखी मी चांदण्यात फुलत नाही; माझी जात सकाळी उमलते आणि दुपार कलली की मिटते. घड्याळजी दिवेलागणीला घरी येतो, माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "अजून कळीच?" आता कपाळाला हात लावावा, तर मला हातही नाहीत.

मित्रांनो, जो कुरकुरत नाही, त्याला काही लागतच नाही असं धरून चालू नका. जवळ जाऊन बघा, विचारा. आणि माझं फूल बघायचं असेल, तर सकाळी या.