मास्तरांचा डावा हात

घरात त्याला घुम्या म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. पाहुणे आले की हा पडद्यामागे. शाळेत कोणी नाव विचारलं तरी आधी कान लाल व्हायचे, उत्तर मागाहून यायचं. अशा मुलाने विद्यापीठात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र घेतलं तेव्हा त्याचा दादा पोट धरधरून हसला होता.

"ज्याला शेजाऱ्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत, तो माणसांचा अभ्यास करणार! पोहता न येणाऱ्याने समुद्र मोजायला निघावं, तसं झालं."

बाबा तेव्हा दुकानात शिवणयंत्रापाशी उभे होते. सगळी पेठ त्यांना मास्तर म्हणायची. ते हसले नाहीत, बोललेही नाहीत. घुम्याच्या सदऱ्याची कॉलर त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून जराशी चाचपली आणि पुन्हा कामाला लागले. घुम्याच्या मनात ते मौन कितीतरी दिवस खुपत राहिलं. बाबांना हे पसंत नाही, अशीच गाठ त्याने मनाशी बांधून टाकली.

आणि आता बाबाच मुके झाले होते.

पक्षाघाताचा झटका उजव्या अंगावरून गेला आणि जाताना वाचाही घेऊन गेला. कानांना ऐकू येत होतं, डोळ्यांना दिसत होतं. पण आत किती पोचतं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या एका वाक्याने घर बदललं. जो तो बाबांशी मोठ्याने, तोडून तोडून, लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत मांडीवर चादर घेऊन बसत आणि प्रत्येक बोलण्याला मान हलवत.

सुट्टीत घुम्या घरी आला, त्या दुपारी दादाने विषय काढला.

"रविवारी चष्मेवाले येताहेत. दुकान घ्यायला तयार आहेत. भिंत पाडून त्यांचं दुकान वाढवणार."

दुकानाला लागूनच चष्म्यांचं दुकान होतं; ते चष्मेवाले म्हणजे बाबांचे जुने शेजारी.

"बाबांना विचारलंस?"

"विचारलं की. हो म्हणाले. विचारू पुन्हा? बाबा, दुकान देऊन टाकायचं ना?"

बाबांनी मान हलवली.

"बघ," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात कपट नव्हतं, थकवा होता. नोकरी सांभाळून दवाखान्याच्या खेपा त्यानेच घातल्या होत्या.

मूग गिळून बसणं घुम्याला जन्मापासून येत होतं. त्या बसण्यात डोळे उघडे कसे ठेवायचे, हे तेवढं विद्यापीठाने शिकवलं होतं. त्याच्या प्राध्यापक बाई म्हणत, "जे पाहिलं ते एका बाजूला ठेवा, जे वाटलं ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही एका ताटात वाढलंत की चव कशाची ते कळायचं नाही." म्हणून तो खोलीच्या कोपऱ्यात बसून नुसता पाहत राहिला.

वहिनी आली. "बाबा, चहा आणू?" मान हलली. "की नको आत्ता?" पुन्हा मान हलली. आई काल कोण कोण भेटलं ते सांगत होती. ती श्वास घ्यायला थांबली की मान हलायची. मग आई उठून आत गेली. कोपऱ्यात रेडिओ चालू होता. बातम्या सांगणाऱ्याने एक बातमी संपवली, क्षणभर थांबला, आणि बाबांनी त्यालाही मान हलवली.

घुम्या ताठ बसला. बाबा 'हो' म्हणत नव्हतेच. समोरच्याचं वाक्य संपलं, याची ती पोच होती. जन्मभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेतलेल्या माणसाची सभ्यता.

संध्याकाळी त्याने हे दादाला सांगितलं. दादाचा पारा चढला.

"म्हणजे मी बाबांना फसवतोय?"

"तसं नाही रे. ते रेडिओलाही मान हलवतात."

"सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. शिंप्याच्या घरात जन्मलास म्हणून काय झालं! बरं, मान म्हणजे हो नाही. मग त्यांचं हो कुठलं? नाही कुठलं? आहे तरी का?"

शेवटचा प्रश्न तोंडातून गेल्यावर दादाच दचकला. आई दारात उभी होती. त्या प्रश्नाच्या तळाशी काय होतं ते तिघांनाही कळलं होतं: या खुर्चीत बाबा अजून आहेत का? असले, तर त्यांचं दुकान त्यांना न विचारता विकणं हे पाप. नसले, तर विचारायचं तरी कोणाला?

"रविवारपर्यंत शोध," दादा हळू आवाजात म्हणाला. "सापडलं तर तुझ्या तोंडात साखर."

दुसऱ्या दिवशी घुम्याने घाई केली आणि हात दाखवून अवलक्षण केलं. त्याने चित्रं काढली, बाबांसमोर धरली, एकामागून एक प्रश्न विचारले. दुकान हवं? हे चित्र? की ते? बाबांनी थोडा वेळ मान हलवली आणि मग तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. घुम्याला स्वतःची लाज वाटली. बाई सांगत, "परक्या मुलखात गेलात तर आधी पाहुणे व्हा. पाहुणा आल्या आल्या कपाटं उघडत नाही." परका मुलूख आपल्याच घरात, खिडकीपाशी बसलेला असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने चित्रं गुंडाळून ठेवली आणि तो दुकानात गेला.

दुकानात कापडाचा, खडूच्या भुकटीचा आणि गरम इस्त्रीचा वास अजून तसाच होता. कपाटात कापलेल्या कापडांच्या गुंडाळ्या, खुंटीवर एक कोट, कच्च्या टाक्यांचा, एकाच बाहीचा. काज-बटणं करणाऱ्या मावशी रोज येऊन, कुलूप उघडून, धूळ झटकून जात.

"मावशी, बाबा नाही कसं म्हणायचे?"

"मास्तर? ते कुणाला नाही म्हणतात होय! देवमाणूस."

चष्मेवाल्यांनीही तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. घुम्याचे कान लाल झाले होते. परतावं असं मनात आलं. पण मत विचारलं की माणसं मत देतात, घडलेलं विचारलं की घडलेलं देतात, हे त्याला शिकवलेलं आठवलं. तो अडखळत म्हणाला, "नेहमीचं नको, काका. तुमचं त्यांच्याशी एखादं कधी जमलं नसेल, ते सांगा. अगदी काय काय झालं ते."

चष्मेवाले विचारात पडले, मग खुदकन हसले. "एकदा मी चमचमतं कापड नेलं होतं, विजारीसाठी. तुझ्या बाबांनी ते टेबलावर पसरलं आणि हाताच्या पाठीने नुसतं सपाट करत बसले. सुरकुती नाही, काही नाही, पण हात आपला फिरतोय, फिरतोय. शेवटी मलाच अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, राहू दे मास्तर, दुसरं आणतो."

"कोणता हात?"

"आं? आता हात कोणता ते…" त्यांनी हवेत दोन्ही हात फिरवून पाहिले, आणि डावा वर ठेवला. "हा. उजव्यात कात्री असायची ना."

मावशी उंबऱ्यातून ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अगंबाई, हो की! माझं काज बिघडलं की तस्संच. आणि कापड आवडलं की असं." त्यांनी पदराचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच चोळलं. "शब्दाने कधी शाबासकी दिली नाही. पण बोटांत धरलं की दिवस सोन्याचा."

घुम्या घरी आला तो जवळजवळ पळतच. खोलीच्या दारात मात्र थांबला, आणि पाहुण्यासारखा हलक्या पावलांनी आत गेला.

बाबांचा डावा हात चादरीवर होता. तो स्वस्थ नव्हता. इतके दिवस सगळ्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं होतं. शब्द तिथूनच यायचे म्हणून. वहिनीने विचारलं, "बाबा, खिडकी लावू?" मान हलली, आणि खाली, कोणाचंही लक्ष नसताना, हाताची पाठ चादरीवरून एकदा फिरली. नको. आईने विचारलं, "उशी देऊ पाठीला?" मान हलली, दोन बोटांनी चादरीची किनार धरली आणि चोळली. दे.

दिवसभर तो हात बोलत होता. रागावत होता, हो म्हणत होता, आईच्या एका जुन्या विनोदावर किनार चिमटीत धरून चक्क हसला. रात्रीच्या आभाळाकडे पाहताना, तिथे काही नाही असं समजून मान खाली घालावी, आणि डोळे अंधाराला सरावल्यावर तारेच तारे दिसावेत, तसं घुम्याला झालं. एवढं मोठं जग त्या खुर्चीत अखंड होतं. कोणी पाहत नसतानाही होतं.

आणि मग त्याला ती कॉलर आठवली. त्याच्या सदऱ्याची. दोन बोटांत धरून चाचपलेली.

तो न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ रडला.

रविवारी चष्मेवाले आले. घुम्याने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, तेही कान लाल करत: एका वेळी एकच प्रश्न, नेहमीच्या आवाजात, आणि विचारून झालं की थांबायचं. गप्प बसणं आईला सगळ्यांत जड जाणार होतं. तिने पदर तोंडाशी धरला. घुम्याने बाबांच्या मांडीवर एक कोरं सुती कापड पसरलं.

त्याला स्वतःला काय हवं होतं ते त्याला ठाऊक होतं. हात कापडावरून फिरावा, दुकान राहावं, आणि बाबांची वाचा आपण परत आणली असं व्हावं. "उत्तर फार लवकर मिळालं तर समजा, ते तुमचंच होतं," असं बाई म्हणत. म्हणून त्याने आपली इच्छा बाजूला ठेवली. जड होती ती.

"बाबा, दुकान काकांना द्यायचं?"

मान हलली. कोणी मानेकडे पाहिलं नाही. खोलीत सगळे खाली पाहत होते.

बोटांनी कापड धरलं. चोळलं.

"दुकान ठेवायचं?" त्याने खात्रीसाठी उलटं विचारलं.

हाताची पाठ कापडावरून शांतपणे फिरली.

घुम्याचा चेहरा पडला. दादा मात्र मटकन खाली बसला, बाबांच्या पायांशी. "हो म्हणताहेत रे," तो म्हणाला. "खरंच हो म्हणताहेत." इतके दिवस तो पोटात केवढी धास्ती घेऊन हिंडत होता, ते तेव्हा घुम्याला दिसलं.

"चला, शुभस्य शीघ्रम," चष्मेवाले डोळे पुसत म्हणाले. "कपाटं मी रिकामी करून घेतो. कापडं ज्याची त्याला परत पाठवू, तुम्हाला तोशीस नको."

हात फिरला. पुन्हा फिरला. थांबेचना, कापड गोळा होऊन जमिनीवर पडलं तरी गुडघ्यावरून फिरत राहिला.

"पैशांचं काही?" दादाने विचारलं. हात फिरला.

"कपाटं?" फिरला.

घुम्या थांबला. खुंटीवरचा एका बाहीचा कोट त्याच्या डोळ्यांसमोर आला. न कापलेलं कापड परत देता येतं. कापलेलं कसं द्यायचं? ते ना कापड राहिलेलं असतं, ना कपडा झालेलं.

"बाबा," तो म्हणाला, "कापलेलं आहे ते शिवून द्यायचं?"

हात थबकला. मग पुढे आला, घुम्याच्या सदऱ्याची कॉलर त्याने दोन बोटांत धरली आणि चोळली. सोडलीच नाही.

चष्मेवाल्यांनी भिंत पाडण्याचं काम पुढे ढकललं. बाबांची खुर्ची दुकानात कापायच्या टेबलापाशी आली. मावशी यंत्रावर बसल्या, दादाने सुट्टी टाकून इस्त्री हातात घेतली, आणि आईने गिऱ्हाइकांना गप्पांत गुंतवून ठेवायचं काम आपणहून पत्करलं. घुम्याच्या वाट्याला कच्चे टाके आले.

त्याने कोटाची दुसरी बाही खांद्याला टाचली, जीव ओतून, जीभ दातांत धरून. मग कोट उचलून बाबांसमोर पसरला. बाबांनी टाक्यांवर नजर फिरवली. त्यांची मान सभ्यपणे हलली.

आणि डाव्या हाताची पाठ त्या बाहीवरून सावकाश, स्पष्ट, जराही दयामाया न दाखवता फिरली.

दादा फिस्सकन हसला. "काय म्हणतात रे?"

"नाही म्हणतात," घुम्या म्हणाला. आयुष्यात कधी नव्हे इतक्या मोठ्याने म्हणाला. आणि टाके उसवायला बसला.