एकाच पत्त्याचे सहा बिल्ले

निहारिकाच्या कंपनीनं वयस्कर माणसांसाठी गळ्यात घालायचा एक बोलका बिल्ला काढला होता. मुलांनी आपल्या आवाजात निरोप पाठवायचा. तो आईवडिलांच्या फोनवर यायचा आणि तिथून ब्लूटूथनं बिल्ल्यात जाऊन मोठ्यानं वाजायचा. सगळं छान चाललेलं असताना जुनी ब्लूटूथची चिप बाजारातून गायब झाली आणि नवी चिप बसवण्याचं काम निहारिकाच्या गळ्यात पडलं.

नवी चिप फार मानी निघाली. बिल्ल्यातली छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम तिला हाका मारायची आणि ही हूं की चूं करायची नाही. दोघींमधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर, आणि त्याच्या सेटिंगमध्येच कुठंतरी घोळ होता. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या ऑफिसात निहारिका सेटिंगची एकेक ओळ बदलत बसली. आधी पिना चुकलेल्या सापडल्या, मग दोघींचा बोलण्याचा वेग जुळेना. शेवटी चिप बनवणाऱ्यांनी नमुना म्हणून दिलेली फाइल तिनं जशीच्या तशी उचलली, आणि चिप बोलायला लागली.

"आली एकदाची माणसात," शेजारच्या टेबलावरचा उज्ज्वल म्हणाला. तो नागपूरचा, त्याला ते सगळे दिवस निहारिकाची चिडचिड जवळून ऐकावी लागली होती.

टेबलावरचा बिल्ला झकास वाजला. मग तसेच सहा बिल्ले तोआ पायोह भागातल्या ज्येष्ठांच्या केंद्रात वापरून बघायला गेले. त्यातला एक निहारिकाच्या सासूबाईंच्या, कमलाबाईंच्या गळ्यात होता. घरी सहाही जणांचं उत्तम चाललं. पण सोमवारी सगळे केंद्रात जमले आणि तिथं काम करणाऱ्या पेई शानचा फोन आला. "तुम्ही स्वतः येऊन बघा," एवढंच ती म्हणाली.

निहारिका पोचली तेव्हा सहांपैकीच एक असलेल्या टॅन अंकलच्या छातीवरून तिच्या नवऱ्याचा, राजसचा आवाज येत होता, "आई, तूप जरा बेतानं घे." अंकल गंभीरपणे मान डोलवत होते. त्यांच्यासमोर कमलाबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या बिल्ल्यातून कुणी बाई तावातावानं होक्कियन या चिनी बोलीत बोलत होती.

"आई, हे कधीपासून चाललंय?"

"सकाळपासून. मी पेई शानला विचारलं, ही काय म्हणतेय. ती यांची मुलगी. म्हणे, डॉक्टरांनी तळलेल्या नूडल्स बंद केल्यात. आणि हे गृहस्थ प्लेट भरून बसलेले." प्लेट आता कमलाबाईंच्या कोपराशी होती.

"युअर मदर-इन-लॉ व्हेरी फिअर्स, लाह," अंकल म्हणाले.

निहारिकाला हसू आलं. आज नूडल्सवर भागलं. उद्या इन्सुलिनचा निरोप भलत्याच गळ्यात वाजला असता तर? तिनं सहाही बिल्ले गोळा करून ऑफिसात आणले.

तिनं दोन बिल्ले शेजारी ठेवले आणि फोनवर शोध घेतला. यादीत एकच दिसत होता.

"एक बंद आहे का?" उज्ज्वलनं विचारलं.

"दोन्ही चालू आहेत. दोघांचा पत्ता एकच आहे."

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक ब्लूटूथ यंत्राला स्वतःचा पत्ता लागतो. तिनं उचललेल्या नमुन्याच्या फाइलीत एक पत्ता नुसता दाखवण्यापुरता लिहिलेला होता, आणि ड्रायव्हरनं तो इमानदारीत सहाही बिल्ल्यांना दिला होता. घरात एकच बिल्ला, तेव्हा बिघडत नव्हतं. केंद्रात मात्र ज्या फोनला जो बिल्ला आधी सापडेल, तो त्याचा. तिनं ती ओळ काढली. चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला खरा पत्ता वाचायला ड्रायव्हरला शिकवलं, आणि फोनवर अनोळखी बिल्ल्याला निरोप न देण्याची सक्तीही केली. या वेळी तिनं सहाही बिल्ले एकत्र वाजवून पाहिले.

पुढच्या आठवड्यात केंद्रात ज्याचा निरोप त्याच्याच गळ्यात वाजला. पेई शान खूश झाली. कमलाबाई मात्र आपला बिल्ला उलटसुलट करून बघत होत्या.

"नीट चालत नाही का, आई?"

"चालतोय की. पण यांची मुलगी काय म्हणतेय ते आता मला कसं कळायचं? हे तर मुद्दाम आवाज बारीक करतात."

"दुसऱ्याचे निरोप असे ऐकता येत नाहीत. त्यांची परवानगी लागते."

कमलाबाई उठल्या आणि टॅन अंकलसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "युअर डॉटर टॉक, आय लिसन. ओके?"

अंकलनी बराच विचार केला. मग निहारिकाकडे वळून त्यांनी आपली अट सांगितली: आंटीच्या मुलाचे निरोपही आपल्याला ऐकू आले पाहिजेत.

"अंकल, ते मराठीत असतात. तुम्हाला काही कळणार नाही."

"नेव्हर माइंड. ही साउंड्स वरीड. आय टेल हर, ईट प्रॉपरली."

निहारिकानं कमलाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "लाव त्यांनाही. राजसचं मी तरी कुठं ऐकते?"

निहारिकानं बॅगेतून लॅपटॉप काढला आणि अंकलच्या मुलीला परवानगीसाठी फोन लावला.