शेवटचा वळू माझ्या पोटात होता

मित्रांनो, मी एक जुना कंटेनर आहे. दुधाच्या कॅनसारखा दिसतो, पण माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन असतो. त्याच्यापुढे बर्फसुद्धा गरम वाटावा! त्यात वळूंचं वीर्य बारीक कांड्यांमध्ये गोठवून ठेवतात. वळू मेला तरी त्याची वासरं जन्मू शकतात, फक्त कांड्यांना एकदाही ऊब लागता कामा नये.

मला सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंनी उभं आयुष्य या संशोधनात घातलं. आमच्या पशुपैदास केंद्रातले पुरुष पाठीमागे त्यांना ‘वळूबाई’ म्हणत. त्यांची आई शेजारणींना सांगे, ‘‘लेक दुधाच्या ऑफिसात आहे.’’ बाईंचा जीव मात्र एका बुटक्या, करड्या गायींच्या जातीत अडकला होता. वाळक्या पाल्यावर जगणारी जात, पण दूध कमी, म्हणून कुणालाच नको. तिचा शेवटचा वळू म्हातारा होऊन मेला. उरला तो माझ्या पोटात.

नायट्रोजन गुपचूप उडून जातो. म्हणून बाई लाकडी पट्टी आत बुडवून बघत. हिमाचा थर जिथवर चढेल, तिथवर नायट्रोजन. निवृत्त होताना पट्टी नव्या साहेबांच्या हातात देऊन म्हणाल्या, ‘‘झाकण उघडल्यावर पांढरा धूर येतो, त्यावर जाऊ नका हं. तळाशी घोटभर उरला तरी धूर येतो.’’

‘‘बाई, आता घरी आराम करा की!’’

साहेब झाकण उचलायचे, धूर बघायचे. ‘‘आहे की भरपूर!’’ पाहुण्यांसोबत धुराचे फोटोही काढायचे. एक दिवस धूरही आला नाही. तेव्हा मला घाईघाईने काठोकाठ भरलं आणि सगळे तोंड शिवून बसले.

मग एक गायवाला बाईंना घेऊन आला. ‘‘ताई, आमची करडी माजावर आलीय. त्या जातीची एवढीच उरली. म्हातारी आहे, पुन्हा माजावर येईलसं वाटत नाही.’’

बाईंनी पट्टी बुडवली. पांढरीशुभ्र! चेहरा फुलला त्यांचा. कांडी कोमट पाण्यात धरली, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. मग दुसरी कांडी. मग तिसरी.

‘‘काय दिसतंय, ताई?’’

‘‘काहीच हलत नाही, दादा.’’

साहेब म्हणाले, ‘‘जुना माल, बाई. खराब होणारच.’’

बाई म्हणाल्या, ‘‘नायट्रोजनात काही जुनं होत नसतं. ‘तुम्ही मला कोरडा पाडलात आणि मग वरून भरलात,’ असं तो कंटेनर सांगतोय. मेलेल्या वळूला पुन्हा मारलंत!’’

बाहेर करडी हंबरत होती. तिला कोण समजावणार?

मित्रांनो, सांभाळायला घेतलंत तर सांभाळा. जमत नसेल तर तोंडावर सांगा. लाज कसली? साहेबांनी नुसतं ‘जमत नाही’ म्हटलं असतं, तर बाई दुखऱ्या गुडघ्यांनी रोज आल्या असत्या आणि मला स्वतः भरत बसल्या असत्या.