काचेचं पोट

तिने भांड्याचं झाकण उचललं, नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं. मघाशी याच भांड्यातून लिंबाच्या सालीचा वास दरवळत होता. आता जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता.

"गेलं का लिंबू?" पलीकडच्या टेबलावरून सरांनी विचारलं.

"गेलं. आता रंगारी आलाय घरात."

प्रयोगशाळेतलं हे काचेचं पोट सांभाळणं तिचं काम. अंगाइतक्या उबेत आम्ल आणि पाचकरस ठेवायचे, वनस्पतीचा अर्क सोडायचा, मधूनमधून हुंगायचं आणि वास कसा पालटला ते सांगायचं. शेजारीपाजारी तिला गमतीने जठरवाली म्हणत.

घरी आई होती. अर्धांगवायूने तिचं गिळणं गेलं, तेव्हापासून पोटात बसवलेल्या नळीतून पातळ आहार जायचा.

"पोट भरलेलं कळतं गं," आई वाकड्या तोंडाने सावकाश म्हणाली. "पण जेवल्यासारखं वाटत नाही. लिंबू घाल की थोडं."

"लिंबू पोटात टिकत नाही, आई. आम्लात त्याचं भलतंच होतं."

"मग टिकतं काय?"

"पुदिना. पुढे यकृतात त्याचाही वास मारला जातो, पण पोटात तग धरतो."

"तोच दे मग."

तिने पुदिन्याचं पाणी फडक्यातून गाळून नळीत सोडलं. थोड्या वेळाने आईला ढेकर आला. आईने डोळे मिटून घेतले.

"आला वास," ती म्हणाली. "आज जेवले बघ मी."

मग ते रोजचंच झालं. एका दुपारी मात्र ढेकराबरोबर पोटातलंही वर आलं आणि श्वासनलिकेत उतरलं. आईला ठसका लागला, तो थांबेना. संध्याकाळपर्यंत ताप चढला आणि तिला इस्पितळात न्यावं लागलं.

"नळीतून आणखी काही देत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने सांगितलं.

"पुदिन्याने जठराच्या वरची झडप सैल पडते. त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. तसं नाहीच, असंही म्हणता येत नाही."

ती बाकावर बसली. तिच्या काचेच्या पोटाला झडप नव्हती. अन्न वर येतं, हे ते भांडं तिला कधी सांगूच शकलं नसतं, आणि इतकी वर्षं त्यालाच पोट समजून ती वावरत होती.

मालाची गाडी अर्ध्या रस्त्यातून वळवून धाकटा भाऊ आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं शास्त्र कामावर ठेव, ताई. आईवर नको."



आई घरी परतली ती आणखी वाळून. लेक आता आईच्या तोंडाकडे न बघता नळी भरायची.

"पुदिना संपला का?" एके दिवशी आईने विचारलं.

"आता नाही देणार."

"आई, जीव गेला असता तुझा," भाऊ दारातून म्हणाला.

आईने शब्द जुळवायला वेळ घेतला. "जीव माझाच ना? मग मला विचारा."

 शेवटी लेकीने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "माझा सल्ला नकोच असा आहे. देणारच असाल, तर अगदी थोडं. आणि नंतर बराच वेळ त्यांना आडवं होऊ देऊ नका."

फोन ठेवून तिने झडपेचं सगळं आईला समजावून सांगितलं. पुन्हा तसंच होऊ शकेल, हेही सांगितलं. आईने होकाराची मान हलवली.

आईला ताठ बसवायला लोड लावून पाहिले, ते घसरत होते. भावाने चपला काढल्या, पलंगावर चढला, भिंतीला टेकला आणि आईची पाठ आपल्या छातीशी घेतली.

"घाल," तो म्हणाला. बहिणीकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

हिरवट पाणी हळूहळू नळीतून उतरलं. तिघंही वाट बघत बसली. ढेकर काही आला नाही. आईची मान कलली आणि त्याच्या खांद्यावर टेकून तिला बसल्या बसल्याच झोप लागली. त्याच्या खिशातला फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला.

"पाय अवघडले असतील तुझे," ती हलकेच म्हणाली. "मी बसते."

"राहू दे," तो म्हणाला. "उठेल ती."