खाऊचे दोन कोन

लेकीच्या, फ्रीडाच्या शाळेची तयारी डोरीनने जूनपासूनच चालवली होती. वर्गशिक्षिका लिंडनरबाईंची यादीच तशी होती: भाषेच्या वहीला लाल कव्हर, गणिताच्या वहीला निळं, चोवीस रंगीत पेन्सिली आणि प्रत्येक पेन्सिलीवर नाव. प्रत्येक! बेकरीत दिवसभर उभं राहून घरी यायचं आणि बोटभर चिठ्ठ्या चिकटवत बसायचं. एवढी तयारी लोक लग्नाचीही करत नाहीत. डोरीनने तर नव्हतीच केली, आणि मार्कोशी तिचं ते लग्न टिकलंही तितपतच.

शिवाय खाऊचा कोन. पहिलीत जाणाऱ्या पोराला प्रवेशाच्या समारंभात जवळपास त्याच्याच उंचीचा, खाऊ आणि भेटवस्तूंनी भरलेला पुठ्ठ्याचा कोन मिळतो. जर्मनीतल्या त्यांच्या त्स्विकाऊ गावात त्याच्याशिवाय कुणाची शाळा सुरू होत नाही. फ्रीडाला कोनावर पाणमांजर हवं होतं. दुकानात पाणमांजर कुठलं मिळायला! डोरीनने ते कापडाचं कापून हाताने शिवलं, मिशांसकट. आत रेनकोट, वर्गात घालायच्या सपाता, डबा, रंगपेटी आणि वर खाऊ. टोकापर्यंत ठासून भरला.

मार्को तीन वर्षांपूर्वी स्टुटगार्टला निघून गेला होता. वाढदिवसाला फोन, नाताळचं पार्सल जानेवारीत, एवढंच त्याचं बापपण. डोरीनला कुणाकडून काही नको होतं. शनिवारच्या समारंभात सगळ्यांसमोर फ्रीडाने आपण शिवलेला कोन घेऊन फोटोला उभं राहावं, एवढीच एक हौस होती.

कोन समारंभात बाईच मुलांना देतात, म्हणून शुक्रवारी ती तो पोहोचवायला शाळेत गेली, तर लिंडनरबाई म्हणाल्या, "अहो, फ्रीडाचा आलाय की! सकाळीच तिचे पप्पा देऊन गेले."

तो भिंतीला टेकवून ठेवला होता. डोरीनच्या खांद्याला लागेल एवढा, चंदेरी, वर पंखांचा घोडा. घरी येऊन तिने तडक मार्कोला फोन लावला.

"कोन मी करतेय म्हणून सांगितलं नव्हतं तुला?"

"मग? दोन मिळाले म्हणून पोरगी रडणार आहे का? तुझं आपलं नेहमीचंच."

"आणि तुझं? आयत्या वेळी उगवायचं आणि मोठ्ठं काहीतरी मिरवायचं!"

फ्रीडा दारात उभी होती, हे फोन ठेवल्यावर डोरीनच्या लक्षात आलं.

शनिवारी मैदानात एकेका मुलाचं नाव पुकारलं गेलं. फ्रीडा पुढे गेली तसे बाईंनी दोन्ही कोन समोर धरले. "फोटोला कुठला घेतेस गं?"

फ्रीडाने पाणमांजराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि चंदेरी कोनाला मिठी मारली. तो तिला पेलेना, म्हणून मार्कोने खालून धरला. साहजिकच तोही फोटोत आला. डोरीन बाजूला, पाणमांजर छातीशी धरून.

"तुमच्या बाळाचं नाव अजून यायचंय का?" शेजारच्या बाईने विचारलं.

"येऊन गेलं," डोरीन म्हणाली.

घरी येऊन केक खाऊन, कॉफी पिऊन मार्को चारलाच निघाला. रस्त्यावर गर्दी होते म्हणे. फ्रीडाने जमिनीवर बसून चंदेरी कोन उघडला. एक बाहुली, चॉकलेटं, गोळ्यांची पाकिटं. त्याखाली रद्दी. टोक दुमडू नये म्हणून मूठभर कागद सगळेच घालतात. मार्कोने अर्ध्याहून जास्त कोन वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरला होता. फ्रीडा एकेक बोळा उलगडून आत काही आहे का बघत राहिली. शेवटचा उलगडला आणि तिने मान वर केली.

"आई, तू काढून घेतलंस."

"मी?"

"काल तू शाळेत गेली होतीस. पप्पांवर चिडलीस पण. मी ऐकलं."

डोरीनच्या पायाशी पानं पसरली होती. प्रत्येकाच्या माथ्यावर ठळक अक्षरात स्टुटगार्ट छापलेलं, खाली गेल्या बुधवारची तारीख. वाचता येणाऱ्या कुणालाही एका नजरेत कळलं असतं.

"पप्पांनी पूर्ण भरला होता ना?" फ्रीडाचा ओठ थरथरत होता.

डोरीनने रागाने त्यातलं एक पान उचललं. मग तिने पोरीचं तोंड पाहिलं.

"हो. भरला होता."

"मग तू खाल्लंस सगळं?"

"हो, मी खाल्लं."

"तू घाणेरडी आहेस," फ्रीडा म्हणाली आणि रिकामा कोन ओढत आपल्या खोलीत गेली. पाणमांजराचा कोन टेबलावर तसाच होता, न उघडलेला.

डोरीनने रद्दी गोळा केली. एक पान मात्र तिने हाताने सपाट केलं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं. सोमवारपासून फ्रीडा वाचायला शिकणार होती.