काकूंची छोटी उत्तरं

माझी नोकरी ऐकण्याची होती. एका मोठ्या कंपनीत लोक तक्रारी करायला फोन करायचे. ते फोन रेकॉर्ड व्हायचे आणि आमच्या खात्यातली माणसं ते ऐकून फोन घेणाऱ्याला गुण द्यायची. आवाज चढवला का, माफी मागितली का, उगाच आश्वासन दिलं का. पुढे हे काम यंत्र करायला लागलं. साहेबांनी आम्हाला एका खोलीत बोलावून चहा पाजला तेव्हाच मी समजलो. त्या माणसाने आधी कधी कुणाला चहा पाजला नव्हता.

बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दिवसभर घरात बसायची सवय नाही, आणि घरात बोलायला कोणी नाही. माझ्या फोनमध्ये तिचे निरोप होते. येताना दूध आणा, किल्ली शेजारी ठेवलीय, असले. कामाच्या गडबडीत ती बोलायची, त्यामुळे मागे कुठे मिक्सर, कुठे नळ, कुठे प्रेशर कुकरची शिटी. मला मिक्सर नको होता, ती हवी होती. म्हणून मी आवाज साफ करायला शिकलो. इंटरनेटवर कोणीतरी शिकवलेलं बघायचं, थांबवायचं, करून बघायचं, बिघडवायचं, परत पहिल्यापासून. सुरुवातीला मिक्सरबरोबर तिचाही आवाज निघून जायचा आणि डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं काहीतरी उरायचं. हळूहळू हात बसला.

झोपायच्या खोलीत मी टेबल टाकलं. तिच्या कपाटाची दारं उघडी ठेवली, कारण टांगलेल्या कपड्यांनी खोलीतला आवाज घुमत नाही. मला कळायला लागलं तसं लोकांची कामं घ्यावीत असं ठरवलं. इंटरनेटवर स्वतःचं पान केलं. नमुना म्हणून काय ठेवायचं? माझ्याकडे तिच्याशिवाय दुसरं काय होतं! वेगवेगळ्या दिवशीचे तिचे शब्द कापून मी एकत्र जोडले. "मी घरीच आहे. तुम्ही जेवून घ्या. काळजी करू नका." ही तीन वाक्यं ती एका दमात कधीच बोलली नव्हती. पण सांधा कुठे आहे ते कोणाला सापडलं नसतं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मेहुणीला मात्र ते आवडलं नाही. बायकोची धाकटी बहीण, दर रविवारी डबा घेऊन यायची. तोंडाने फटकळ, पण येणं चुकवलं नाही.

"भावोजी, ताई असं कधी बोलायची? 'तुम्ही जेवून घ्या' म्हणे! ती म्हणायची, जेवा नाहीतर मी झाकून ठेवते."

"नमुना आहे गं. कामं यायला पाहिजेत ना."

"येतील. भुतंपण येतील."

कामं आली. कोणाचं व्याख्यान, कोणाचं लहान मुलांसाठी गोष्टी वाचणं, कोणाच्या वडिलांची जुनी कॅसेट. चारदोन गिऱ्हाइकं टिकली, पण घर चालेल असं नियमित काम एकाच माणसाकडून यायचं. तो स्वतःला पुतण्या म्हणायचा. म्हणजे ओळखच तशी करून दिली, "मी काकूंचा पुतण्या." काकू म्हणजे एका शाळेतल्या निवृत्त बाई. त्यांची एकुलती एक मुलगी लांब दुसऱ्या शहरात, आणि हा काकूंकडेच राहून त्यांना बघायचा. काकूंच्या आठवणी तो रेकॉर्ड करायचा आणि मी साफ करून द्यायचो. मग तो ते मुलीला पाठवायचा. त्याच्या ओळखीने मला आणखी गिऱ्हाइकं मिळायला लागली होती. मी मनात म्हणायचो, हा माणूस सुटला तर आपण रस्त्यावर.

काकू छान बोलायच्या. वर्गात कोण बाकाखाली चिंचा खायचा, तपासनीस आले तेव्हा फळा कसा पडला. मागे पंख्याची करकर असायची, ती काढायची. आणि एक कडी असायची. पुतण्या खोलीतून बाहेर गेला की दार लागायचं आणि कडी सरकायची. बाहेरून. बाहेरची कडी लांबून आल्यासारखी वाजते, आतली जवळून. ते मला पहिल्याच वेळी कळलं होतं.

"ती कडीपण काढा हं, दादा," पुतण्या फोनवर म्हणाला. "काकू विसरतात हल्ली. उठून रस्त्यावर जातात. म्हणून लावावी लागते."

वय झालेल्या माणसांचं असं होतं. मी कडी काढली.

माझी कामाची एक रीत होती. संगणकावर साफ केलेला आवाज वेगळा ऐकता येतो आणि काढून टाकलेला वेगळा. काम देण्याआधी मी काढून टाकलेला गाळ पूर्ण ऐकायचो, त्यात एखादा शब्द वाहून गेला नाही ना ते बघायला. कंपनीतली सवय, शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत. काकूंच्या मुलीने एकदा माझ्या पानावर लिहिलं होतं, आई शेजारी बसून बोलतेय असं वाटतं, तुमचे आभार. खाली तिचा फोन नंबर होता. तो वाचून मी दिवसभर खुशीत होतो.

मग एक रेकॉर्डिंग आलं आणि पाठोपाठ पुतण्याचा फोन.

"हे नका घेऊ. निम्म्यात खराब झालंय. रेकॉर्डर पडला. पुसून टाका."

"पहिला भाग चांगला असेल तर तेवढा ठेवतो की."

"नको म्हटलं ना, दादा." मग आवाज मऊ करून म्हणाला, "त्यापेक्षा एक नवीन काम आहे. तुमच्या पानावर वहिनींचा नमुना ऐकला. काय सुंदर जोडलंय हो! तसंच काकूंचं करायचंय. माझ्या बहिणीला वाढदिवसाला देणार आहे. बटण दाबलं की आईचा आवाज. छोटी छोटी उत्तरं. जुन्या रेकॉर्डिंगांतूनच कापा."

वाक्यं त्याने तोंडीच सांगितली. हो. नाही गं. मी बरी आहे. जेवले. झोप लागली होती. आवाज तुटतोय. उद्या बोलू. ठेवते आता.

मी मन लावून काम केलं. काकूंच्या तोंडी 'आवाज तुटतोय' कुठेच नव्हतं. 'आवाज' वर्गाच्या आठवणीतून घेतला, 'तुटतोय' पतंगाच्या गोष्टीतून. मध्ये त्यांचाच एक श्वास घातला. त्या श्वासाने सांधा झाकला गेला. सगळं पाठवून दिलं. उत्तर आलं, "मानलं तुम्हाला."

रविवारी मेहुणी आली. मला कोणाला तरी दाखवायची हौस होती. तिला खुर्चीत बसवून एकेक वाक्य ऐकवलं. ती डबा मांडीवर घेऊन ऐकत होती.

"हे वाढदिवसाला?"

"हो. बटण दाबलं की आईचा आवाज."

"आणि आई काय म्हणणार, आवाज तुटतोय, ठेवते आता? भावोजी, वाढदिवसाला कोणी असं देतं का? 'सुखी राहा' नाही, 'बाळा' नाही. हे फोनवरचं बोलणं आहे."

मी 'आवाज तुटतोय' परत एकदा लावलं.

"अहो, चेहरा का असा झाला?"

"थांब जरा," मी म्हणालो.

पुसून टाका म्हणून सांगितलेलं रेकॉर्डिंग मी पुसलं नव्हतं. पण ऐकलंही नव्हतं. खराब आहे म्हणाला, मी मानलं. ते आता लावलं. सुरुवातीला काकू नेहमीसारख्या. शाळेची सहल, नदी, एका मुलाची चप्पल वाहून गेली. मग चप्पल म्हणताना त्यांची जीभ अडखळली. परत म्हणाल्या, तेव्हा शब्दच आला नाही. नुसता जड, ओला आवाज. काहीतरी खाली पडून फुटलं. कप असावा. काकू कष्टाने म्हणाल्या, "डॉ... डॉक्टर..."

पुतण्या तिथेच होता. घाबरलेला नव्हता. म्हणाला, "थांबा काकू. आधी हे बंद करतो." आणि रेकॉर्डिंग संपलं.

मेहुणीने डबा खाली ठेवला. "हे कधीचं?"

"झाले बरेच दिवस."

"मग त्या आता..."

काकूंच्या मुलीचा नंबर मी पानावरून शोधून काढला. मेहुणीने फोन लावून माझ्या हातात दिला. मी कोण ते सांगितल्यावर मुलगी आनंदली.

"अरे, तुम्ही! आत्ताच आईशी बोलले, दहा मिनिटं झाली असतील. आज किती स्वच्छ येत होता आवाज!"

"काय म्हणाल्या?"

"काही नाही हो, बरी आहे, जेवले. मग आवाज तुटायला लागला, तर ठेवला तिने. पुढच्या महिन्यात मी तिला इकडे आणणारच आहे. ते घर काढून टाकायचं ठरलंय आमचं. चुलतभाऊ थोडा रुसलाय, पण त्याने तरी किती दिवस तिला बघायचं?"

मी कपाटातल्या कपड्यांकडे बघत होतो. माझ्या बायकोचे आवाज मी रोज ऐकतो. ती मला उत्तर देते, धीर देते. पण मी किती बारीक झालोय, औषध घेतलं का, हा शर्ट परत का घातला, हे ती विचारत नाही. आधी तिच्या बोलण्यात प्रश्नच जास्त असायचे.

"ताई," मी म्हणालो, "आज आईंनी तुम्हाला काही विचारलं का?"

"म्हणजे?"

"काहीही. तुमची तब्येत, जेवण, घरातलं माणूस. एखादा प्रश्न."

ती हळू म्हणाली, "नाही. कालपण नाही. मीच विचारत होते." आणि एकदम तिचा आवाज चढला. "का? तुम्ही हे का विचारताय?"

मी सांगितलं. पतंगाची गोष्ट, श्वास, सगळं. मग ते रेकॉर्डिंग फोनला लावलं. डॉक्टर हा शब्द आला तेव्हा ती ओरडली नाही. तिने फक्त "आई" म्हटलं, रेकॉर्डिंगला उत्तर दिल्यासारखं.

ती रेल्वेने निघाली तरी दुसऱ्या दिवशी पोचणार. काकूंच्या घराखाली एका शिंप्याचं दुकान होतं, वर्षानुवर्षांची ओळख. तिने त्याला फोन लावला आणि मलाही त्या बोलण्यात जोडून ठेवलं. म्हणाली, "तुम्ही जाऊ नका. तुम्हाला आवाज कळतात."

शिंपी जिना चढताना धापा टाकत होता. "ताई, मी दहादा विचारलं त्याला. म्हणतो झोपल्यात. आता मी काय घरात घुसू का?"

"दार वाजवा, काका."

दार वाजलं. पुतण्याचा आवाज, अगदी प्रेमळ. "काय काका? शर्टाची बाही राहिली वाटतं?"

"काकूंना भेटायचं होतं."

"आत्ताच डोळा लागलाय हो. थांबा, जाग्या आहेत का बघतो."

कडी सरकली. पावलं आत गेली. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून काकू बोलल्या. "मी बरी आहे. झोप लागली होती."

"बोलल्या की!" शिंप्याचा जीव भांड्यात पडला. "ताई, ऐकलंत ना? ठणठणीत आहेत. उगाच माझ्या तोंडचं पाणी पळवलंत."

आणि मुलीने सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. आईचाच आवाज होता, कोणीही फसेल असा. मी तो तसाच केला होता.

"काका," मी ओरडलो, "त्या बोलल्या नाहीत. ते मी केलंय. आत जा."

"आपण कोण?"

"आत जा हो! त्याला बाजूला करा आणि आत जा!"

खुर्ची सरकल्यासारखं काहीतरी झालं. "अहो काका, हे काय, घर आहे का धर्मशाळा," पुतण्या म्हणत होता, आणि त्याच वेळी काकूंचा आवाज परत आला. "उद्या बोलू. ठेवते आता." कोणाचं तरी बोट बटणावर घसरलं असावं. पुन्हा "ठेवते आता." शिंप्याने शिवी हासडली. दार भिंतीवर आपटलं. पंख्याची करकर आली, जोरात, जवळून.

मेहुणी माझ्या खांद्याला घट्ट धरून उभी होती.

"ताई," शिंपी म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली आला होता की मला कानावर फोन दाबावा लागला. "आई आहेत. जिवंत आहेत. पण तोंड एका बाजूला गेलंय. अंगावरचं कोणी बदललेलं दिसत नाही. ताई, तुम्ही ऐकताय ना? मी गाडी बोलावतो. माझा भाऊ येतोय वर, ह्याला तो बघेल."

"फोन तिच्या कानाला लावा, काका."

"बोलता येत नाही त्यांना."

"लावा."

फोन कुठेतरी घासला. मग एक आवाज आला. शब्द नव्हता. घशातून ओढून काढलेलं काहीतरी, थांबत, परत सुरू होत.

"आई, मी निघालेय," मुलगी म्हणाली. "ऐकू येतंय मला. बोल तू."

तो आवाज चालू राहिला. मला कोणी फोन ठेवायला सांगितलं नाही, आणि मीही ठेवला नाही.